काशगरला नेलेला तांब्या

"जॉर्जिया? बाकू? छट्! तिथे गेलं की शारजातलं निम्मं अल मजाज भेटतं! ज्यांना इथे लिफ्टमध्ये चुकवतो, त्यांच्याच शेजारी उभं राहून फोटो काढायचे? आपण जायचं काशगरला!"

शैलेंद्रने ही घोषणा शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या हॉलमध्ये उभं राहून, हातातल्या चहाच्या कपासकट केली. श्रोते तीन होते. बायको मंजुषा, समोरच्या फ्लॅटमधले हमदुल्लाभाई आणि त्यांच्या बेगम सुरैय्याभाभी. मुलगी मुग्धाही सोफ्यावरच होती, पण तिच्या कानांत इअरफोन असल्यामुळे तिला श्रोत्यांत धरता येत नाही.

"हे आहे कुठे?" मंजुषाने विचारलं.

"चीनच्या पार पश्चिमेच्या टोकाला! उइगुर लोकांचं जुनं व्यापारी शहर. उंटांचे तांडे यायचे तिथे, रेशीम लादून! मी इतकी वर्षं जबल अलीच्या बंदरात लॉजिस्टिक्समध्ये काढली, मंजू. आम्हा लोकांचं ते माहेर आहे, माहेर!"

"व्हाय कान्ट यू जस्ट गो टू सलाला?" मुग्धा इअरफोन न काढता म्हणाली.

हमदुल्लाभाई हसले. "आणि तिथे बोलणार कसं, शैलेंद्र? तुझी हिंदी तिथे चालायची नाय."

"भाषा कशाला लागते, भाई? माणसं जोडायला मन लागतं! मला कुठेही नेऊन सोडा, संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी घरी जेवत असेन!"

ही काही अगदीच थाप नव्हती. शैलेंद्र मूळचा पुण्याच्या कसब्यातला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, हे त्याच्या आईने त्याला पाटी-पेन्सिलीच्याही आधी शिकवलेलं. सुरैय्याभाभी दाभोळच्या, आणि त्यांच्या घरचाही कायदा हाच. अशी दोन घरं शारजात एका मजल्यावर समोरासमोर आली, तेव्हा व्हायचं तेच झालं! भाभींनी पहिल्या ईदला स्टीलच्या डब्यातून शीरखुर्मा पाठवला. मंजुषाने डबा करंज्या भरून परत केला. भाभींनी त्यात सांदणं घातली, मंजुषाने अळूवड्या घातल्या. तेव्हापासून तो डबा दोन दारांमधून असा येरझारा घालतोय, की मूळचा कुणाचा हे आता दोन्ही घरांत कुणालाही सांगता येत नाही.

हा शेजार आता सुटणार होता. हमदुल्लाभाईंनी इंडस्ट्रियल एरियातलं स्पेअर पार्ट्सचं दुकान विकलं होतं. वर्ष संपायच्या आत व्हिसा कॅन्सल करून दोघं कायमची गावी जाणार होती. त्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून लांब कुठेतरी जावं, असं शैलेंद्रच्या मनाने घेतलं होतं. भाभींच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून हमदुल्लाभाई पाय मागे घेत होते. शेवटी भाभीच कडाडल्या, "जा म्हणते ना! गावी गेल्यावर नारळ मोजण्याशिवाय काय करणार आहात? फिझा येऊन राहतेय ना माझ्याजवळ?" फिझा ही त्यांची लेक, दुबईत दिलेली.

निघायच्या दिवशी भाभी वॉकर टेकत दारापर्यंत आल्या. त्यांच्या हातात एक तांब्या होता.

हा तांब्या दोन्ही घरांत सगळ्यांच्या ओळखीचा. फिरकीच्या झाकणाचा, तांब्याचा, गळ्याखाली एक पोचा आलेला. भाभींच्या आईने तो लग्नात दिलेला. लग्नानंतर त्या विमानात बसल्या त्या हाच तांब्या मांडीवर घेऊन, आणि अजून त्यांच्या उशाशी पाणी असायचं ते ह्यातच. करोनाच्या दिवसांत आई गेली, तेव्हा विमानं बंद होती. भाभींनी आईचं तोंड शेवटचं पाहिलं ते मोबाइलवर. गावचं जुनं घर मागाहून भावांनी पाडलं. आईचं म्हणून त्यांच्यापाशी आता उरलं होतं ते हे एवढंच भांडं.

"बाहेरचं पाणी ह्यांना बाधतं," भाभी म्हणाल्या. "उकळून ह्यात भरून ठेवत जा. आणि आठवणीने परत आणा हं. दुसरं काय विसरलात तरी चालेल."

"भाभी, तुम्ही बिनघोर राहा!" शैलेंद्रने छातीवर हात ठेवला. "तांब्या माझी जबाबदारी! पर्सनली!"

मुग्धा घरीच राहिली; उरुमचीला विमान बदलून बाकीची तिघं काशगरला पोचली. शैलेंद्रने आखलेला प्रोग्रॅम फर्स्ट क्लास होता. पहिल्या दिवशी जुनं शहर, दुसऱ्या दिवशी जुन्या कबरी आणि संग्रहालय, मग रविवारचा गुरांचा बाजार, मग डोंगरातलं तळं. हमदुल्लाभाईंना त्यातलं एकच हवं होतं, तो गुरांचा बाजार. लहानपणी ते बापाबरोबर बैल घ्यायला जायचे, त्यामुळे गुरांचा बाजार म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

जुनं शहर आता पुष्कळसं नव्याने बांधून काढलेलं होतं. मातकट रंगाच्या भिंती, कोरीव दरवाजे, चौकाचौकांत कॅमेरे. पर्यटकांसाठी ढोल वाजत होते आणि गावातले म्हातारे बाकांवर बसून ते बघत होते, दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची वरात बघावी तसे. शैलेंद्र फोटो काढत पुढे चालला होता. इतक्यात कानावर ठक्‌ ठक्‌ ठक्‌ असा आवाज आला.

"मंजू! तांबट आळी!"

"अहो, इथे कुठली तांबट आळी?"

"ऐक ना! हा ठोका मी झोपेतसुद्धा ओळखेन! आमच्या वाड्यामागे दिवसभर हाच आवाज!" आणि प्रोग्रॅम खिशात कोंबून शैलेंद्र आवाजाच्या दिशेने धावत सुटला. काशगर त्यांनी पाहिलं ते इथपर्यंत.

ती तांब्याच्या भांड्यांची गल्ली होती. पहिल्याच दुकानात एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ परात ठोकत बसले होते. नाव तुरसुन उस्ता. उस्ता म्हणजे आपला उस्ताद, हे हमदुल्लाभाईंना लगेच कळलं. चाय, नान, बाजार, दोस्त, मेहमान असे ओळखीचे शब्दही निघाले, आणि उरलेलं काम हातवाऱ्यांनी झालं. म्हाताऱ्याने हातोडी ठेवली, तिघांना दुकानामागच्या ओट्यावर बसवलं, आणि सुरईने हातांवर पाणी घातलं. शैलेंद्रने घरच्या सवयीने दोन्ही हात जोरात झटकले. सगळं पाणी म्हाताऱ्याच्या दाढीवर!

"अरे, झटकू नको!" हमदुल्लाभाई कुजबुजले. "टॉवेल धरलाय बघ त्यांनी. इथे वाईट दिसतं ते."

मग वाडग्यांतून चहा आला. दोन वाडग्या झाल्यावर शैलेंद्रने अरबांकडे कॉफीची वाटी हलवतात तशी वाडगी हलवली. आखातात ह्याचा अर्थ खलास, आता पुरे. इथे ह्याचा अर्थ काहीच नव्हता! म्हाताऱ्याने ती पुन्हा भरली. शैलेंद्रने पुन्हा हलवली, चहा विजारीवर सांडला, म्हाताऱ्याला वाटलं, पाहुण्याला घाई झालीय, त्याने अजून भरली. सातव्या वाडगीला हमदुल्लाभाईंनी शेजारच्या दुकानातून चहाला आलेल्या माणसाचं बघून आपल्या वाडगीवर तळहात ठेवला, तेव्हा कुठे सुटका झाली.

उठताना उस्तांनी तीन नान आणि जर्दाळूंची पुडी हातात ठेवली. शैलेंद्रचे डोळे चमकले. "मंजू, पिशवीत काय आहे?"

"बाकरवडी. आपल्याला चार दिवस..."

"दे!"

बाकरवडीचा पुडा उस्तांच्या हातात गेला. म्हाताऱ्याने एक खाल्ली, डोळे मिटले, आणि आत जाऊन एक नक्षीची तांब्याची वाटी आणली. आता वाटी म्हणजे भांडं! शैलेंद्रने अंगातलं कंपनीचं जॅकेट काढून त्यांच्या खांद्यांवर घातलं. उस्तांनी स्वतःच्या डोक्यावरची भरतकामाची टोपी काढून शैलेंद्रच्या डोक्यावर ठेवली. हमदुल्लाभाईंनी शैलेंद्रचा दंड धरला.

"शैलेंद्र, बस. हे थांबायचं नाय. ह्यांच्याकडेही आपल्यासारखंच आहे."

"तेच तर, भाई! काय माणसं आहेत!"

दुसऱ्या दिवशी कबरी आणि संग्रहालयाला निघायच्या आत गेस्ट हाउसच्या दारात उस्तांच्या घरून मोठं वाडगं आलं. गाजर घातलेला पुलाव, वर मटणाचे तुकडे. मंजुषाचा गुरुवार होता. ती बिचारी नान आणि खरबूज खाऊन राहिली, पण वाडगं रिकामं जाणार कसं? त्यात शंकरपाळे भरून तिघं गल्लीत गेली. उस्तांच्या बायकोने मंजुषाच्या गळ्यात रंगीत रेशमी रुमाल घातला. मंजुषाने आपली सोलापुरी चादर आणून दिली. हॉटेलच्या पांघरुणांवर तिचा विश्वास नसतो, म्हणून ती चादर तिच्याबरोबर जगभर फिरते, आणि त्या दिवशी ती काशगरला सासरी गेली. चादरीवर उस्तांनी लोकरीच्या नमद्याचा गालिचा दिला. गालिच्यावर शैलेंद्रने पॉवर बँक आणि विमानातली मानेची उशी दिली. उस्तांनी ती उशी गळ्यात घालून सगळ्या गल्लीला दाखवून आणली!

तोवर संग्रहालय बंद झालं. पुढे रविवार उजाडला, तेव्हा उस्तांनी जेवायलाच बोलावलं होतं. घरी नको, इथेच मागच्या ओट्यावर, असं त्यांनी हातानेच सांगितलं आणि एकदा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"गुरांचा बाजार राहिला की," हमदुल्लाभाई हळूच म्हणाले.

"भाई, गुरं काय, कुठेही दिसतील! अशी माणसं दिसतील का?"

"ते पण खरं," हमदुल्लाभाई म्हणाले. ते भांडणारे नव्हतेच. ओट्यावर बसून ते दिवसभर आपल्या तांब्यातलं पाणी पीत राहिले.

आणि त्या तांब्यावर उस्तांची नजर होती. ती पहिल्या दिवसापासूनच होती. आयुष्य तांबं ठोकण्यात गेलं, पण असलं फिरकीचं झाकण त्यांनी पाहिलं नव्हतं. ते तांब्या हातात घेत, झाकण फिरवत, उघडत, लावत, उलटा धरत. थेंब सांडत नाही म्हटल्यावर लहान मुलासारखे हसत. मग दोन्ही हातांनी परत देत. मागितला कधीच नाही.

निघायचा दिवस आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, मंजुषा सामानासकट आत बसली होती. निरोप घेताना हमदुल्लाभाईंना आठवलं, की सुरैय्यासाठी रेशमी ओढणी घ्यायची राहिली. "दोन मिनिटांत आलो. तांब्या तेवढा बघ हं," असं म्हणून तो ओट्यावर ठेवून ते समोरच्या दुकानात गेले.

इतक्यात उस्ता आतून समोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचा बंब, घेऊन आले. गुडघ्याच्या वर येईल एवढा, तांब्याचा, वेलबुट्टीने मढवलेला! त्यांनी तो शैलेंद्रच्या मिठीत दिला आणि छातीवर हात ठेवून वाकले. गल्लीतले सगळे कारागीर हातोड्या थांबवून बघत होते.

एवढी मोठी भेट! आणि आपल्याकडे? पिशव्या धुतल्यासारख्या रिकाम्या. त्याने खिसे चाचपले. एका खिशात शारजातल्या गाडीची किल्ली, दुसऱ्यात एमिरेट्स आयडी. आयडी देता येत नाही! गाडीवाला भोंगा वाजवत होता. सगळी गल्ली पाहत होती. आईने शिकवलेलं सगळं शैलेंद्रच्या डोक्यात एकदम घोंघावू लागलं. आणि समोर ओट्यावर तांब्या होता.

त्या क्षणी तो कुणाचा आहे हे शैलेंद्रला आठवलं नाही का? आठवलं. पण त्याच वेळी दुसराही विचार आला, की पुण्याच्या तांबट आळीत असे ढिगाने मिळतात, भाभींना नवा कोरा आणून देऊ. त्याने समोवार खाली ठेवला, तांब्या उचलला आणि दोन्ही हातांनी उस्तांच्या ओंजळीत दिला.

"अहो! अहो, तो भाभींचा!" मंजुषा गाडीची काच खाली करून ओरडली.

"मी सांगतो भाईंना!"

म्हाताऱ्याने तांब्या छातीशी धरला. डोळे भरून आले होते.

हमदुल्लाभाई ओढणीची पुडी घेऊन आले. "माझा तांब्या?"

"भाई, मी तो..." शैलेंद्र मोठ्या आवाजात म्हणाला, "आपली दोस्ती पक्की केली!"

हमदुल्लाभाईंनी ओट्याकडे पाहिलं, मग उस्तांकडे, त्यांच्या छातीशी धरलेल्या हातांकडे पाहिलं. चेहरा क्षणभर पडला. मग ते पुढे झाले, उस्तांना मिठी मारली आणि त्यांना जेवढं कळेल तेवढं म्हणाले, "दोस्त. रहमत." रहमत म्हणजे तिकडचं शुक्रिया. गाडीत बसल्यावर शैलेंद्रकडे न बघता ते बोलले, "दिलास ना? मग चांगलंच केलंस. दिलेली चीज परत मागायची नसते."

विमानात हवाई सुंदरीने कागदी पेला दिला. त्यातलं पाणी पिताना हमदुल्लाभाई एवढंच म्हणाले, "सुरैय्याला काय सांगायचं ते तूच ठरव." शैलेंद्रच्या मिठीतला समोवार त्या वेळी फारच जड वाटायला लागला.

लिफ्टचं दार उघडलं तर भाभी वॉकर घेऊन समोरच उभ्या! "आलात? या, या! तब्येत बरी ना? आणि तांब्या?"

लिफ्टमध्ये पाठ केलेली वाक्यं शैलेंद्र साफ विसरला. "बॅग!" तो किंचाळला. "एक बॅग राहिली उरुमचीला!"

"हाय अल्ला! आणि हे एवढं धूड आलं?" भाभी समोवाराकडे बघत होत्या.

"एअरलाइनचं काय सांगावं, भाभी! पण येईल! इन्शाल्ला, येईलच!"

भाभींनी नवऱ्याकडे पाहिलं. जन्मात कधी खोटं न बोललेले हमदुल्लाभाई खाली मान घालून म्हणाले, "हो. राहिली."

त्यानंतर भाभींनी एअरलाइनच्या कस्टमर केअरला धारेवर धरलं. सकाळी नमाज झाली की फोन! "भावजी, ते म्हणतात, तुमच्या नावाची कंप्लेंटच नाय! बॅगेचा टॅग नंबर द्या तुम्ही, मी बघते त्यांना!" शैलेंद्रने टॅग हरवल्याचं सांगितलं. भाभींनी सुपरवायझर मागितला. सुपरवायझरने बिचाऱ्याने बॅगेचा रंग विचारला. शैलेंद्र म्हणाला काळी, मंजुषा त्याच वेळी म्हणाली निळी.

"बाबा, जस्ट टेल हर!" मुग्धाने ह्या वेळी इअरफोन काढून सांगितलं.

"तू लहान आहेस!"

"आय ॲम नाइनटीन. अँड धिस इज सो मीन."

पण शैलेंद्रचा पुतण्या वरद अबुधाबीत नोकरीला होता आणि दिवाळीला पुण्याला गेला होता. त्याच्याकडून तांबट आळीतला फिरकीचा तांब्या मागवायचा बेत शैलेंद्रने केव्हाच आखला होता. तांब्या आला. आरशासारखा लखलखीत! आता त्याचं वय वाढवायला हवं होतं. शैलेंद्रने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि उकडलेली अंडी व तांब्या एका पिशवीत बांधून ठेवले. तांब्या काळवंडला, आणि घराला असा वास सुटला की मंजुषाने दोन दिवस बाल्कनीत स्वयंपाकाची तयारी केली. मग पोचा! बत्त्याचा पहिला ठोका बसलाच नाही, दुसरा बसला तो गळ्याखाली न बसता पोटावर. शैलेंद्रने आतून लाटणं घालून तो वर सरकवायचा प्रयत्न केला आणि तांब्याला पोक आलं. खालच्या मजल्यावरून वॉचमन विचारायला आला, "साब, उपर क्या तोड रहे हो?"

शेवटी जमलं. निदान शैलेंद्रला तरी तसं वाटलं. एअरलाइनचं जुनं स्टिकर चिकटवलेल्या पिशवीतून त्याने तो समोर नेऊन दिला. "घ्या, भाभी! सापडली बॅग!"

हमदुल्लाभाई खिडकीबाहेर खालिद लगूनच्या पाण्याकडे बघत उभे राहिले. भाभींनी तांब्या हातात घेतला. झाकण फिरवलं. पाणी भरलं, एक घोट प्यायला. पोच्यावरून अंगठा फिरवला.

"आला एकदाचा," मग त्या म्हणाल्या. "बसा, भावजी. सांदणं केलीत. मंजूलाही हाक मारा."

आणि त्या किचनमध्ये गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा ताट वाढलेलं होतं आणि चेहरा नेहमीसारखा होता.

शैलेंद्र घरी आला तो तरंगतच! "कळलं नाही, मंजू! काय काम केलं सांग! ओरिजिनल वाटला!"

मंजुषा भांडी घासत राहिली, घासून झालेलीही पुन्हा घासत राहिली.

डिसेंबरात घर रिकामं झालं. कार्गोवाले खोकी घेऊन गेले. शारजा एअरपोर्टवर शैलेंद्र आणि मंजुषा सोडायला आली होती. भाभींच्या पायामुळे एअरपोर्टची व्हीलचेअर मागवली होती, ती ढकलायला एक उंच पठाण उभा होता. भाभींच्या मांडीवर तो तांब्या होता. हमदुल्लाभाई पासपोर्ट घेऊन पुढे गेले होते, आणि मंजुषा त्यांच्या बॅगा ट्रॉलीवर चढवून देत होती.

"भावजी, जरा इकडे या," भाभी म्हणाल्या.

शैलेंद्र वाकला.

"हा माझ्या आईचा नाय. त्या दिवशी हातात घेतला तेव्हाच कळलं."

शैलेंद्रने खुर्चीचा हात धरला.

"रात्री ह्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं सगळं. तुम्हाला बोलायचं नाय, अशी शप्पथ घातली मला. म्हणाले, शैलेंद्रला फार लागेल." भाभी शांतपणे बोलत होत्या. "खरं सांगते, दिलात त्याचा राग नाय. तो म्हातारा रडला म्हणे, तांब्या छातीशी धरून. बरंच झालं. त्या रात्री मनात आलं, आईसाठी एकदा पोटभर रडून घ्यावं. आई गेली तेव्हाही रडता आलं नव्हतं नीट. पण सकाळी तुम्ही येणार, मंजू येणार, माझे डोळे बघणार. हे आधीच तुमच्या काळजीने घाबरलेले. मग काय करणार? तुम्हा सगळ्यांची तोंडं सांभाळता सांभाळता माझं रडायचं राहूनच गेलं, भावजी."

"भाभी, मी..."

"यल्ला, मॅडम, टाइम हो गया," पठाण म्हणाला आणि त्याने खुर्ची वळवली.

शैलेंद्र जागच्या जागी उभा राहिला. माणसं जोडण्याची ज्याला एवढी घमेंड, त्याला एक साधा शब्द सापडेना. काशगरला परत जावं, असं त्याला वाटलं. त्या गल्लीत उभं राहून सगळ्यांसमोर हात जोडून तांब्या परत मागावा, अब्रू गेली तर जाऊ दे. पण त्याआधी, निदान आता, माफी तरी मागायला हवी होती. ती खरं तर लिफ्टचं दार उघडलं तेव्हाच मागायला हवी होती! खुर्ची काचेच्या दारातून आत गेली. दार सरकून बंद झालं. आणि तेव्हा कुठे शैलेंद्रचा आवाज फुटला.

"सॉरी!" डोळे पुसत तो सगळ्या एअरपोर्टला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "मला माफ करा! चूक माझी आहे!"

मागे ट्रॉल्यांची लांबलचक रांग ढकलत आणणारा माणूस त्याच्यामुळे मघापासून खोळंबून उभा होता. त्याने शैलेंद्रच्या पाठीवर हात ठेवला.

"कोई बात नहीं, साब," तो म्हणाला. "बस, थोडा साइड हो जाओ."